पसरणीच्या घाटात थांबलेली एसटी

डिसेंबरचा शेवटचा शनिवार होता. वाई स्टँडवरून सकाळी सुटलेली महाबळेश्वर गाडी पसरणी गाव मागे टाकून घाटाला लागली आणि दोन वळणं चढून जी उभी राहिली, ती राहिलीच. ड्रायव्हरनं दहा मिनिटं वाट पाहिली आणि इंजिन बंद केलं. खिडकीतून क्लच प्लेट जळाल्याचा वास येत होता. पुढं कुणाची तरी नवी कोरी गाडी चढावर हाफ क्लचवर लटकत असणार. माझ्या पुढच्या बाकावर चाळिशीतल्या एक बाई होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. पाचगणीच्या पुढं एका हॉटेलात खोल्या आवरायला जातात. नऊच्या ठोक्याला हजेरी, उशीर झाला की अर्धा खाडा. त्यांनी कंडक्टरला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, आता मी काय गाडी डोक्यावर घेऊन चालू?" गाडीत हशा पिकला. मावशीही हसल्या, आणि मग पदराच्या टोकानं उगाच खिडकीची काच पुसत बसल्या.

वाई ते पाचगणी बारा किलोमीटर. एरवी अर्ध्या-पाऊण तासात गाडी स्टँडला लागते. त्या दिवशी अडीच तास लागले.

असा एखादा शनिवार झाला की पुढचे आठ दिवस एकच मागणी ऐकू येते : घाट रुंद करा. चहाच्या टपरीवर तीच, निवेदनांत तीच, प्रचाराच्या भाषणात तर हमखास. मी वाईचा, या घाटानं चाळीस वर्षं ये-जा करतोय, आणि या कोंडीला माझ्याइतक्या शिव्या फार थोड्यांनी घातल्या असतील. तरी ही मागणी मला पटत नाही. घाट अरुंद आहे म्हणून कोंडी होत नाही. वर्षातले तीस-चाळीस दिवस त्यावर मावणार नाहीत इतक्या गाड्या आपण सोडतो, म्हणून होते. त्या दिवसांत खासगी गाड्या मोजून सोडाव्यात आणि एसटीला वाट मोकळी ठेवावी, एवढंच माझं म्हणणं आहे. ते ऐकायला सोपं वाटतं, पण हॉटेलवाल्या मित्रांच्या बैठकीत एकदा बोलून दाखवलं तेव्हा चहा थंड होईपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही.

हा रस्ता नुसता 'घाट' नाही, हे आधी सांगायला हवं. पुणे-सातारा हायवेवरच्या सुरूर फाट्याला तो सुरू होतो, जुन्या वडांच्या कमानीतून वाईत येतो, कृष्णा ओलांडून पसरणीचा डोंगर चढतो, पाचगणीच्या बाजारपेठेतून, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून महाबळेश्वरला पोचतो आणि तिथून आंबेनळी घाटानं प्रतापगडाच्या पायाशी वळसे घेत कोकणात पोलादपूरला उतरतो. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बत्तीस किलोमीटर खाली वाईला त्याच्या पाव हिस्साही नाही. सकाळी उन्हात वाळत घातलेली हळद बघून निघालेला माणूस दोन तासांनी वेण्णा तलावापाशी धुक्यात हेडलाइट लावून चाललेला असतो. रस्ता देखणा आहेच. पण त्यावरून बोर्डिंग शाळांचे स्वयंपाकी, हॉटेलांतल्या बाया, बँकेतले कारकून, दूध आणि गॅसचे टेम्पो रोज जातात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळच्या गाड्यांत उभं राहायला जागा नसते. पर्यटकासाठी हा घाट म्हणजे सहलीचा पहिला फोटो. मावशींसाठी तो कामाचा रस्ता आहे, जसा मुंबईकराला लोकलचा रूळ.

कोंडी कशी होते, ते जवळून बघण्यासारखं आहे. पसरणीच्या कोपराच्या वळणावर लांब चाकांतराची एसटी एका दमात वळवायची तर तिला जवळजवळ सगळी रुंदी लागते. आमचे ड्रायव्हर अलीकडेच हॉर्न देतात, वरून कुणी येत नाही ना बघतात आणि मग नाक दरीकडं काढून शेपूट ओढून घेतात. हे सगळं सुरळीत चालतं, जोवर गाड्या एकामागे एक आहेत. मग रांगेतला कुणीतरी वैतागतो. पुढं काय आहे ते दिसत नसताना उजवीकडून गाडी काढतो. त्याच्या मागं आणखी पाच निघतात. वळणावर समोरून उतरणारी एसटी किंवा ट्रक येतो आणि सगळं लॉक. उतरणाऱ्याला मागं घेता येत नाही, कारण त्याच्या पाठीला दुसरी गाडी चिकटलेली. ओव्हरटेकवाल्याला परत रांगेत कुणी घेत नाही. एका गाडीनं सुरू केलेली ही गाठ सोडवायला पोलीस वाईहून मोटरसायकलवर येईपर्यंत तास जातो. घाटात उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे आणि तो जुना आहे. पण तो दोन गाड्यांसाठी आहे. दोन हजार गाड्यांचं काय करायचं, त्याबद्दल तो गप्प आहे.

"म्हणूनच तर तिसरी लेन पाहिजे," असं यावर उत्तर येतं. ठीक आहे, धरून चालू की झाली. गाड्या भराभर पाचगणीच्या तोंडावरच्या दांडेघर नाक्याला पोचल्या. पुढं काय? पाचगणीचा मुख्य रस्ता म्हणजे दुकानं, शाळांची फाटकं आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या. तो रुंद करायचा तर बाजार पाडावा लागेल. त्याच्या पुढं वेण्णा तलावाचा काठ, तिथं घोडे, मक्याची कणसं आणि बोटिंगची गर्दी. आणि शेवटी महाबळेश्वरची पेठ, जी चालत फिरण्यासाठी वसली होती. नळ मोठा केला तरी हंडा तेवढाच राहतो. पाणी अंगणात सांडतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण खुला झाला तेव्हा बोरघाटातली कोंडी इतिहासजमा झाली, असं आपण सगळे म्हणत होतो. आता सलग सुट्टीच्या शुक्रवारी रात्री खंडाळ्याला जाऊन बघा. सोय झाली की माणसं निघतात. जी आधी निघाली नसती तीही निघतात. ही काही वाईट गोष्ट नाही, पण तिचा हिशेब रस्ता बांधताना धरत नाहीत.

डोंगराचा हिशेब तर त्याहून कमी धरला जातो. पसरणीचा घाट चढताना डाव्या-उजव्या कापावर नीट बघा. काळ्या कातळाचे थर एकावर एक, मधूनमधून विटकरी मातीचा पट्टा, आणि वर पाचगणीच्या टेबललँडला जांभ्याची टोपी. जांभा पाणी पितो. ते खाली झिरपतं, कातळाला लागलं की आडवं सरकतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. या परिसरातल्या जुन्या वाड्या अशाच झऱ्यांच्या आधारानं राहिल्या. आता रस्ता चार मीटर आत घ्यायचा म्हणजे नेमका या उताराचा पाय कापायचा. कापलेल्या भिंतीतून पाणी बाहेर येणारच. त्याला जायला गटार नसेल, रस्त्याखालची मोरी दगडमातीनं भरलेली असेल, तर ते रस्त्याखाली घुसतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत दरीकडची बाजू खचायला लागते. दरीकडं भर घालून रुंदी काढली तर तीच भर आधी जाते. हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. रस्त्यावर चाळीस वर्षं काम केलेला कोणताही मैलकुली सांगेल. आता मैलकुली राहिलेत कुठं, हा वेगळा प्रश्न. पूर्वी पावसाआधी खोरं-पाटी घेऊन मोऱ्या उपसणारी ही माणसं दर काही मैलांवर दिसायची. रुंदीकरणाच्या कोट्यवधींपेक्षा तसली चार माणसं परत नेमली तर घाट जास्त टिकेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शिवाय हा मुलूख मोकाट बांधकामासाठी मोकळा नाही. केंद्र सरकारनं १७ जानेवारी २००१ ला महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याला पंचवीसेक वर्षं झाली. त्या अधिसूचनेचा जाच गावकऱ्याला घराच्या पडवीवर पत्रा टाकतानाही होतो, ही तक्रार खरी आहे. पण ज्या नियमानं पडवी अडते, त्याच नियमाच्या मुलखात डोंगर कापायची मागणी आपण किती सहज करतो!

पैसा खर्चच करायचा असेल तर तो घाटाच्या पलीकडच्या बाजूला करा. आंबेनळीत. तिथं प्रश्न कोंडीचा नाही, जिवाचा आहे. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरकडं सहलीला येताना त्या घाटात दरीत गेली. बसमधला एकच जण वाचला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात खाली महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं आणि आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. प्रतापगडाच्या परिसरातल्या गावांना बाजार आणि दवाखाना महाबळेश्वरचा. त्यांचं दार बंद झालं. तिथं पाहिजेत मजबूत कठडे, दरडीच्या जागी जाळ्या, पाण्याला वाट आणि अमुक इतका पाऊस झाला की घाट बंद, असा ठरलेला आकडा. दरड कोसळल्यावर रस्ता बंद करण्यात कसली कर्तबगारी? पण कठड्याचं उद्घाटन होत नाही, कोनशिला लागत नाही. तिसऱ्या लेनला लागते.

आता गाड्या मोजून सोडण्याबद्दल. "लोकांना अडवणार कसं? लोकशाही आहे," असं म्हणणाऱ्यांना मी दिवे घाटाची आठवण करून देतो. आषाढीला माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो. कुणी कोर्टात जात नाही. गाडीवाले दुसऱ्या रस्त्यानं वळतात, कुरकुर करतात आणि जातात. त्या दिवशी घाट कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर लावून पुढं चालत, घोड्यावर नाहीतर झुकझुक गाडीनं जावं लागतं. त्यानं माथेरान ओस पडलेलं नाही.

त्याहून जवळचं उदाहरण तमिळनाडूचं आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं उटी आणि कोडाईकनालला ७ मे २०२४ पासून ई-पास आला. आधी नुसती नोंद होती. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी न्यायालयानं मर्यादाच घातली : निलगिरीत एरवी दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्या, कोडाईकनालला ४,००० आणि ६,०००. स्थानिकांच्या गाड्या, सरकारी बस आणि शेतमाल यांना त्यातून सूट. व्यापाऱ्यांनी विरोध केला, एप्रिलच्या सुरुवातीला उटीत बंदही पाळला. त्यांचं नुकसान खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण शेतमालाला सूट द्यायचं तिथं कुणाला तरी सुचलं, ही बाब मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडं गाडी अडवायची म्हटलं की सगळ्यात आधी टेम्पो अडवतात.

फसलेलं उदाहरणही सांगतो, कारण ते आपल्याच दारातलं आहे. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या ई-बस सुरू झाल्या. पंधरवड्याभरात योजना गुंडाळली गेली. बस अपुऱ्या पडल्या, लोक पायथ्याला आणि वर रांगेत ताटकळले, आणि शेवटी 'पूर्वीचंच बरं होतं' यावर सगळ्यांचं एकमत झालं. यातून बसची कल्पनाच खुळी ठरते असं अनेक जण मानतात. माझ्या मते एवढंच ठरतं की आधी बस आणा, मग गाड्या अडवा. क्रम उलटा केला की लोक चिडणार, आणि त्यांनी का चिडू नये?

मग पसरणीसाठी काय करता येईल? दिवाळीचा आठवडा, नाताळ ते नववर्ष, मे महिन्यातले शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, एवढेच दिवस घ्या. महाबळेश्वर-पाचगणीत मुक्कामाचं बुकिंग आहे त्यांच्या गाड्या सोडा, पण हॉटेलकडं जितकी पार्किंगची जागा आहे तितक्याच. एका दिवसासाठी येणाऱ्यांच्या गाड्या वाईच्या अलीकडं लागू द्या आणि तिथून दर दहा मिनिटांनी वर जाणारी बस ठेवा. वाईला आगार आहे, महाबळेश्वरला आगार आहे, घाट झोपेतही चालवतील असे ड्रायव्हर आहेत. स्थानिकांना आणि मालाच्या गाड्यांना मुभा. वर गेलेल्यांना पॉइंट दाखवायला महाबळेश्वरचे टॅक्सीवाले आहेतच. कोंडीत अडकलेल्या पाहुण्याची वाट बघत दिवस घालवण्यापेक्षा त्यांच्या चार फेऱ्या जास्त होतील.

यात दोन ठिकाणी मी अडतो. पहिलं, पार्किंगची जागा. सुरूर-वाई पट्ट्यात मोकळी जमीन म्हणजे कुणाचा तरी ऊस नाहीतर हळद. वर्षातल्या चाळीस दिवसांसाठी शेतकऱ्याकडून रान भाड्यानं घेता येईल, जत्रेला घेतात तसं. पण कायमचं डांबर टाकून घेतलं तर तिथं उद्या मॉल उभा राहणार हे मी लिहून देतो. दुसरं, पाचगणी ते महाबळेश्वर रस्त्याकडेला बसणारे स्ट्रॉबेरीवाले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मानांकनानं कुणाची पाटी विकली जात नाही. ती विकली जाते वाटेत थांबलेल्या गाडीमुळं. गाड्या कमी झाल्या तर त्यांचा गल्ला कमी होणार. बस भिलार फाट्यासारख्या ठिकाणी मुद्दाम पंधरा मिनिटं थांबवता येतील, भिलारला पुस्तकांच्या गावातही माणसं वळतील. तरीही भरपाई पुरी होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. रांगेत दोन तास तापलेला माणूस स्ट्रॉबेरी घ्यायला खाली उतरत नाही, हे मात्र तेच विक्रेते सांगतात.

हॉटेलवाल्यांची भीती मला कमी पटते. त्यांच्या खोल्या ठरावीक आहेत. घाटात तीन हजार गाड्या असोत की दहा हजार, भरल्या खोल्या भरलेल्याच राहतात. जास्तीच्या गाड्यांतली माणसं वर येतात, वेण्णावर कणीस खातात, कचरा टाकतात आणि रात्री त्याच घाटानं उतरतात. उलट मुक्कामाला आलेला पाहुणाच कोंडीला कंटाळून पुढच्या वर्षी दुसरीकडं जातो.

सरकारचं उत्तर वेगळंच आहे : नवं महाबळेश्वर. २०१९ साली सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली सव्वादोनशेहून जास्त गावं त्यासाठी रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली दिली गेली. जुन्यावरचा भार कमी व्हावा म्हणून नवं, हा युक्तिवाद वरवर बरा वाटतो. पण थंड हवेच्या ठिकाणाचं नियोजन रस्ते बांधणाऱ्या संस्थेकडं जातं, यातच आपली विचार करायची पद्धत दिसते. कोयनेच्या खोऱ्यातल्या गावांना रस्ता हवाच आहे, बाळंतपणाला लाँचनं जावं लागलेली माणसं तिथं अजून आहेत. त्यांना मिळणारा रस्ता त्यांचा राहील की पसरणीसारखा शनिवार-रविवारी पाहुण्यांना आंदण जाईल, हे कोण ठरवणार?

पसरणीपुरतं ठरवायला नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावरची वाहतूक मर्यादित करता येते. पावसाळ्यात घाट अवजड वाहनांना बंद करणारे आदेश आपण वाचतोच. आकडेही कुठून मागवायला नकोत. पाचगणी आणि महाबळेश्वर या दोन्ही नगरपालिका नाक्यावर गाडी थांबवून पर्यटकांकडून कर घेतात, पावती फाडतात. ती पावती घेण्यासाठी थांबलेल्या गाड्यांची रांगही घाटात उतरते, ते सोडा. पण त्या पावत्यांत गेल्या कित्येक वर्षांचा प्रत्येक शनिवार, प्रत्येक नाताळ पडून आहे : किती गाड्या आल्या, कोणत्या दिवशी आल्या. कुणीतरी बसून त्यांची बेरीज करावी आणि ती दोन्ही गावांच्या चौकात फळ्यावर लिहावी. येत्या डिसेंबरच्या आत.